दोऱ्यात न ओवलेली कार्डं

रविवार, १५ फेब्रुवारी १९७६

आज आमच्या कॉम्प्युटर मंडळाची पहिली बैठक झाली. सोलापुरात कॉम्प्युटर एकही नाही, मग येणार कोण, ही धास्ती होती. तरी नऊ जण आले. पुण्याहून पंच करून, म्हणजे भोकं पाडून आणलेली कार्डं, एका कार्डावर प्रोग्रामची एक ओळ, दाखवायला उठलो आणि गठ्ठाच निसटला. माझा अख्खा प्रोग्राम फरशीवर. कार्डांवर नंबर घालायचा आळस मीच केला होता ना?

शेजारचे नरसय्या, चादरी विणणारे, नुसते बघायला आले होते. त्यांनी एक कार्ड उजेडाला धरलं. "मास्तर, आमच्या मागावर असलीच भोकाची कार्डं असतात की. पण आमी ती दोऱ्यात ओवतो. तुमी का ओवत न्हाय?"

मशीन ओवलेली कार्डं घेत नाही, म्हटलं.

"मग गठ्ठ्याच्या कडेवर पेन्सिलनं तिरकी रेघ मारा. रेघ तुटली की क्रम चुकला."

सगळ्यांनी जमिनीवर बसून एकेक ओळ वाचत कार्डं लावली, मग कडेवर रेघ मारली. तासाभरात प्रोग्राम सगळ्यांना समजला. माझ्या भाषणानं समजला असता? ते तर खिशातच राहिलं.

आता गठ्ठा समोर आहे, तिरकी रेघ अखंड आहे. तरी मी तो बांधून ठेवलाय, नरसय्यांनी घरून आणून दिलेल्या चादरीच्या लाल दोऱ्यानं.