झुळूकचा खरा जन्म

३ मार्च, सकाळ

संपादक बाईंचा फोन. 'झंझावात' या आमच्या चित्रकथेचे सगळे अंक एकत्र बांधून जाडजूड पुस्तक काढतायत. सुरुवातीला दोन पानं माझी. झंझावातची साथीदार झुळूक, तिच्या जन्मकथांवर लिहा म्हणाल्या. उशिरा का होईना, लेखकाची आठवण झाली.

अडचण किरकोळ आहे. अंक सातमध्ये झुळूक बुडालेल्या जहाजातून वाचलेली अनाथ. अंक एकतीसमध्ये घड्याळजीची मुलगी, बाप जिवंत, मजेत चहा पितोय. अंक अठ्ठावन्नमध्ये सर्कशीतून पळालेली. तिन्ही मीच लिहिल्या, म्हणजे तिन्ही खऱ्याच असणार. जुळवून टाकायच्या. चार दिवसांचं काम.

४ मार्च

ही म्हणाली, दादाच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन वीस तारखेला आहे. उजवा गेल्याच वर्षी गेला. हा तरी राहील का, डॉक्टर खात्री देत नाहीत. एकदा जाऊन या.

दादा म्हणजे हिचा थोरला भाऊ. माझा मेहुणा, त्याआधीपासूनचा मित्र आणि 'झंझावात'चा चित्रकार. नऊ वर्षं आमचं बोलणं नाही. कारण क्षुल्लक. वाचकांच्या मेळाव्यात एकाने विचारलं, झुळूकच्या गालावरचा तीळ मधूनच गायब कसा होतो? मी म्हणालो, आमच्या चित्रकाराला विसरायची खोड आहे. सभागृह हसलं. हा उठून निघून गेला. खरं बोललेलं कुणाला आवडतं?

जाणार आहे. पण रिकाम्या हाताने नाही. जन्मकथा जुळवून नेईन, त्याच्या सगळ्या चुका पोटात घालीन, की दिलजमाई आपोआप.

७ मार्च

सिद्धांत तयार. घड्याळजी मुलीला घेऊन जहाजावर चढला. जहाज बुडालं. पोरीची स्मृती गेली. सर्कसवाल्यांनी सांभाळलं. फिट्ट बसलं.

८ मार्च

फिट्ट नाही. अंक सातमध्ये झंझावात तिला किनाऱ्यावरून थेट आपल्या घरी आणतो. आता मध्ये सर्कस कुठे घुसवू?

हिने परत विचारलं. रविवारी नक्की, म्हणालो.

११ मार्च, रविवार

गेलो नाही. डोकं दुखत होतं. शिवाय नवीन भानगड निघाली. एका वाचकाने कधीकाळी कळवलं होतं की एकतीसपासून झुळूक डावखुरी झालीय. असेल बुवा. मी चित्रं बघत नाही. पहिल्यापासून नाही, तत्त्वच आहे. मेहुणा फोनवर थोडक्यात गोष्ट सांगायचा, पानं काढायचा, संवादांचे फुगे रिकामे सोडायचा. मग अक्षरं काढणारा मला कळवायचा, पान तीन, फुगे पाच, इतके शब्द मावतील. मी भरून द्यायचो. चित्र बघून लिहिलं की शब्द मिंधे होतात.

तर डावखुरी. उपाय: जहाज बुडताना उजवा हात दुखावला. तीळ हा मुळात शाईचा ठिपका, समुद्रात धुऊन गेला. एका दगडात दोन पक्षी.

१४ मार्च

ही जेवताना मध्येच उठली. म्हणाली, दादा रोज विचारतो, येतोय का तो? डोळा आहे तोवर सगळ्यांची तोंडं नीट बघून घ्यायची आहेत त्याला. भाचरं येऊन गेली, शेजारी येऊन गेले, दूधवालासुद्धा चांगला पाच मिनिटं समोर उभा राहिला म्हणे. मी समजावलं की अर्धवट सिद्धांत नेणं म्हणजे त्याचाच अपमान. ही माझं ताट उचलून आत गेली. पटलं असावं.

खरं सांगायचं तर, इतक्या वर्षांनी दारात उभं राहून पहिलं वाक्य काय बोलायचं? दुसऱ्यांच्या तोंडी वाक्यं घालण्यात हयात गेली, स्वतःला एक सुचत नाही.

१७ मार्च

घड्याळजी निकालात. तो खरा बाप नव्हेच, मुखवटा चढवलेला खलनायक. मुखवट्यातून चहा कसा प्यायला, ते उद्या.

१९ मार्च, दुपार

उद्या ऑपरेशन. मेहुणा कालपासून दवाखान्यात. आज जायचंच. शर्टाला इस्त्री केली. बाईंनी दोन पानं मागितली होती, माझी बावीस झालीत. विषयच तसा आहे.

१९ मार्च, संध्याकाळ

बसस्टॉपपर्यंत गेलो. तिथे सर्कशीतली हत्तीण आठवली. ती झुळूकला लहानपणापासून ओळखते, म्हणजे आख्खा सिद्धांत कोसळला. बाकावर बसून डागडुजी केली. तेवढ्यात तीन बस गेल्या. भेटीची वेळ संपली असणार, म्हणून परतलो. ऑपरेशननंतर निवांत जाऊ. तेव्हा त्यालाही स्वच्छ दिसत असेल.

२३ मार्च

ऑपरेशन फसलं. ही तिकडेच राहिलीय. फोनवर एवढंच बोलली. मी 'अरेरे' म्हणालो. आयुष्यभर शब्दांवर पोट भरलं, आणि वेळेला अरेरे.

२९ मार्च

गेलो. मेहुणा खिडकीपाशी खुर्चीत होता. पहिलं वाक्य त्यानेच बोलून टाकलं. चहा घेणार का, एवढंच. मी बावीस पानं वाचून दाखवली.

संपल्यावर म्हणाला, कपाटातून अंक तीस काढ. शेवटचं पान. काय आहे सांग. मी फुगे वाचले. वाक्यं अजून दमदार वाटली. शब्द नकोत, म्हणाला, चित्र सांग.

मग बघावं लागलं. मुलगी आहे, कुरळे केस, गालावर तीळ. होडीत बसून चाललीय, काठावरच्या झंझावातला हात करतेय. निरोपाचा, म्हणाला. आता एकतीस काढ. उंच मुलगी, चष्मा, तीळ नाही, डाव्या हातात पाना. अठ्ठावन्न काढ. ही बुटकी, पुढचे दोन दात पडलेले.

तीन वेगळ्या मुली. एक गेली की दुसरी यायची. त्याने प्रत्येक वेळी फोनवर सांगितलं होतं, नवी पोरगी येतेय, नाव तू ठेव. आणि मी प्रत्येक वेळी झुळूकच लिहीत गेलो. छापून आल्यावर काय भांडायचं, म्हणून तो गप्प बसला. मग मेळाव्यात मी त्यालाच विसराळू ठरवलं.

माफी मागायची होती. फार लाज वाटली. तोंडातून निघालं, पडलेले दात छान काढलेस.

३१ मार्च

बाईंना फोन करून जड आवाजात सांगितलं, झुळुका तीन होत्या. त्या म्हणाल्या, हो, मग? एकीनंतर दुसरीला तेच नाव वारशाने मिळतं, ही तुमची कल्पना वाचकांना फार आवडते. त्यावरच तर लिहा म्हटलं होतं. मी म्हणालो, हो, ती सुचायला बराच काळ लागला.

५ एप्रिल

रोज दुपारी जातो. एक अंक घेऊन बसतो आणि चित्रं सांगतो. तो कडक मास्तर आहे. ढग गाळलास म्हणतो, छपरावरचं मांजर गाळलंस म्हणतो. असतं तिथे मांजर. आज अंक सातपर्यंत आलो.

मध्येच थांबवून म्हणाला, तू कसा दिसतोस रे आता? मिशी आहे ना अजून?

मिशी काढून सहा वर्षं झाली. आहे, म्हणालो.

ठेव म्हणाला, शोभते तुला.