आठ नंबर

५ फेब्रुवारी १९९७, बुधवार

नंबर विचारला! तिनं! पायाचा का होईना — पण विचारला.

पप्पूच्या झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो. चारुलता नोट्स घेऊन आली. मी कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदाच एवढी जवळ. सोडलं म्हणजे काय — तिच्याबद्दल घाण बोलणाऱ्या एका पोराचा दात पाडला. प्रिन्सिपल म्हणाले माफीनामा लिही. मी म्हणालो लिहीत नाही. संपलं दुसरं वर्ष. तिला हे माहीत आहे की नाही, देव जाणे.

आधी ती माझ्या चपलांकडंच बघत राहिली. मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांत काम करून चपला पिवळ्या पडलेल्या, डावीचा अंगठा निळ्या दोऱ्यानं शिवलेला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग म्हणाली, "मानसिंग, तुझ्या पायाचा नंबर काय रे?"

"आठ."

"आठ." पाठ करून घेतल्यासारखं. "आणि शनिवारी मारुतीला जातोस ना अजून?"

"चुकवत नाही."

"बरं."

गेली. पप्पू मशीनचं झाकण उघडं टाकून माझ्याकडं बघतोय. "लग्नात सासरा जावयाचं पाय धुतो न्हवं? माप घेऊन गेली बघ पोरगी!"

हसायचं नव्हतं. हसलो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पप्पूकडं आज कार्डांना ही गर्दी! लाल बदाम, गुलाब, वर इंग्रजी कविता. मी घेतलं नाही. काय लिहिणार? हमालाचा पोरगा, हळदीत राबतो, तुझा — असं?

१५ फेब्रुवारी, शनिवार

देवळातून बाहेर आलो तर चपला गायब. शिवी ओठावर आली, देऊळ म्हणून गिळली. आणि जिथं चपला काढल्या होत्या त्याच फरशीवर, तशाच जोडीनं — बूट! पांढरे. स्पोर्ट्स शूज, बाहेरचा माल. जाड तळवा, टाचेत काचेसारखी खिडकी आणि तिच्यात नुसती हवा. बाजूला निळा पट्टा. जिभेच्या आत नंबर बघितला — आठ.

काल तारीख काय होती? आणि शनिवारचं का विचारलं होतं तिनं? आईशप्पथ!

आजूबाजूला कुणी नव्हतं. घातले. जसे माझ्याच पायावर बेतलेले. एकच — फरशी गार होती, बूट आतून उबदार होते. कुणी आत्ताच काढून ठेवावेत तसे. ऊन लागलं असेल. त्या बाजूला सावली असते. असू दे.

१६ फेब्रुवारी, रविवार

सध्या ज्याच्या पायात असले बूट तो माणूस, बाकी सगळी गर्दी. जीन्सखाली, सफारीखाली, लग्नात तर लेंग्याखालीसुद्धा बघितलेत. जन्मात चेंडू हातात न धरलेली पोरं बास्केटबॉलचे बूट घालून कट्ट्यावर बसतात. आज मी पण बसलो. पाय पुढं काढून. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण आधी खाली बघायचा, मग वर — कुणाचे आहेत ते बघायला. लय भारी वाटलं.

आबा म्हणाले, "ह्ये पळायचं बूट न्हवं? कुठं पळणार हाईस?"

"पळायला नाहीत आबा. घालायला आहेत."

"मग पळायचं का म्हंत्यात?"

आईचं वेगळंच. "चप्पल शनवारी गेली ते झ्याक झालं, तुझी पीडा गेली. पन ह्ये कुनाचं? पीडा असल्याबिगर असलं भारी पायातलं कोन द्येवळात सोडून जातंय? आमच्या कवठ्याकडं असलं सोडल्यालं जोडं काठीनंबी शिवत न्हाईत."

ओरडलो तिच्यावर. ताट सरकवलं. कसं सांगू तिला — पीडा नाही गं, भेट आहे!

अगदी कोरे नाहीत म्हणा. आत अंगठ्याचा खळगा आहे. दुकानात गिऱ्हाईकं घालून बघतात, त्यांचा असेल.

१९ फेब्रुवारी, बुधवार

नवी हळद यायला लागली. यार्डात माणसं घोट्यापर्यंत पिवळी, ट्रकची चाकं पिवळी, चहाच्या कपाच्या कडा पिवळ्या. संध्याकाळी बघतो तर बूट पांढरेच. कण नाही! कृष्णात मापाडी वाकून बघून म्हणाला, "भुईला टेकत्यात न्हवं तुझं पाय?"

सगळे हसले. मीही. नंतर पाय आपटून बघितले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बाहेर काढलेले बूट सकाळी उंबऱ्याला लागून, तोंड आत. आईनं वळवून ठेवले. आंघोळ करून येतो तर पुन्हा तोंड आत. कुत्रं असेल.

२२ फेब्रुवारी, शनिवार

गावभागात तिच्या गल्लीतून मुद्दाम गेलो. कोपऱ्यावरच्या ओट्यावर लालासाहेब बसतात — मिलिटरीतून आलेले, आता दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, चालीवरून माणूस ओळखतात. मी जवळ गेलो तशी मान वर केली.

"कोन, सुमंत? चालाय लागलास? शाब्बास रं पठ्ठ्या!"

"मी मानसिंग."

हसले नाहीत. "चार पावलं चाल बघू." चाललो. कान लावून ऐकलं. "चाल सुमंतचीच हाय. डावा पाय वढतोस. त्यो आजारी पडला तवा असाच वढत हुता."

सुमंत म्हणजे चारुलताचा भाऊ. पुण्याला इंजिनिअरिंगला होता. दिवाळीला आला तो परत गेलाच नाही. आधी डावा पाय बधिर झाला, मग उजवा. मिरजेचे सगळे डॉक्टर झाले, कुणाला काही सापडत नाही. कधीतरी खिडकीत बसलेला दिसतो. बाहेर येत नाही.

मी कुठं ओढतोय पाय? म्हाताऱ्याच्या कानात मळ!

यार्डात परत आल्यावर मागं बघितलं. हळदीच्या भुकटीत उजव्या पायाचे सुटे सुटे ठसे. डाव्याची नुसती रेघ.

२६ फेब्रुवारी, बुधवार

थप्पीवरून भरलेलं पोतं घसरलं, माझ्या डाव्या पायावर. कृष्णात किंचाळला. मी का किंचाळत नाही म्हणून सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला काही कळलंच नव्हतं. बूट काढला — अंगठा काळानिळा. आईच्या सुईनं टोचून बघितलं. दुसऱ्याचा पाय टोचावा तसं.

पुन्हा घातला. घातला की बरं वाटतं. ऊब असते आत. कुणीतरी आधीपासून आत पाय घालून बसलंय आणि माझ्यासाठी थोडी जागा करून देतंय.

हे काय लिहितोय मी.

१ मार्च, शनिवार

ती भेटली! देवळाच्या पायरीशी उभी होती, माझ्यासाठी. हातात नारळ नाही, फूल नाही. पायांकडं बघितलं.

"रोज घालतोस?"

"रोज."

"मनापासून?"

"तू दिलेस, मग मनापासूनच की!" — गेलो बोलून!

नाही म्हणाली नाही. डोळे भरले तिचे. भरले, खोटं नाही लिहीत. हळूच म्हणाली, "काढू नकोस हं. शोभतात तुला."

अख्खी सांगली माझी! पायऱ्या उतरताना कठडा धरावा लागला, तेवढंच.

४ मार्च, मंगळवार

मिरजेला जाऊन आलो. गुडघ्यावर हातोडी मारली, सुई टोचली, फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, काही सापडत नाही.

हे वाक्य या वहीत आधी एकदा आलंय. मागं उलटून बघितलं नाही.

७ मार्च, शुक्रवार

उजव्या पायाची बोटं गेली.

पप्पूकडं टेकलो होतो. तो आपला नेहमीसारखा बडबडत होता. "चारूकडं आनंदीआनंद हाय गड्या. सुमंत उठून चालाय लागला! वाईचं कोन गुरुजी येऊन गेलतं म्हनं महिन्यामागं. दवा न्हाई, गंडा न्हाई. नुसतं पायातलं बदलाय सांगितलं."

"म्हणजे?"

"म्हंजे ह्याचं त्याला आन् त्याचं ह्याला..." बोलता बोलता त्याची नजर खाली गेली, माझ्या बुटांवर.

कॉलर धरून मशीनवर आपटला त्याला. त्याचा काय दोष? ओठ फुटला तरी उलटून मारलं नाही त्यानं. तो अजून खालीच बघत होता.

८ मार्च, शनिवार

काठी घेऊन गेलो तिच्या घरी. दारात पायातलं काढतात तिथं माझ्या चपला होत्या. पिवळ्या. डावीच्या अंगठ्याला निळा दोरा.

सुमंत बाहेर आला — चालत. उंच, फिकट. सवयीच्या असाव्यात तशा माझ्या चपलांत पाय सरकवले. माझ्या बुटांकडं बघून हसला, जुनी ओळख निघाल्यासारखा. माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही. कोपऱ्याकडं गेला. तिकडून लालासाहेबांचा आवाज आला —

"कोन, मानसिंग का रं?"

अंगावर काटा आला. तो अजून आहे.

चारुलता दारात आली. मी हात उगारला. बाईमाणसावर, आयुष्यात पहिल्यांदा. ती मागं सरली नाही.

"घालणाऱ्याला माहीत नसलं तरी चालतं, म्हणाले गुरुजी. पण त्यानं आनंदानं घातले पाहिजेत." "रोज, आनंदानं. असं कोण करेल माझ्यासाठी? मला एकच नाव आठवलं, मानसिंग."

माझं नाव. तिच्या तोंडून. याच्यासाठी.

"दादाचे पाय परत आले. तुझे जातील, हे मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "ठेव ते इथंच. तो आला की तुझ्या चपला घेऊन जा. मी अडवणार नाही."

"मग त्याचं?"

कोपऱ्यावर सुमंत कशावरून तरी मोठ्यानं हसला. ती तिकडंच बघत राहिली, पहिल्यांदाच कुणाचं हसणं ऐकावं तशी.

मी ओट्यावर बसलो. लेसला हात घातला.

९ मार्च, रविवार

वाकता येत नाही. लेस आईनं बांधल्या. दोन्ही पायांच्या.

म्हणालो, घट्ट बांध.