धर्मेंद्रचा रविवार

दि. १९ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक (मनुष्यबळ),
श्रीवर्धिनी यार्न मिल, बुटीबोरी, जि. नागपूर.

विषय : साप्ताहिक सुटी मंगळवारऐवजी रविवारी मिळणेबाबत.
संदर्भ : माझा दि. १३ ऑक्टोबरचा अर्ज व त्यावरील आपला शेरा, "सबळ कारण लिहावे. अदलाबदलीस दुसऱ्या कामगाराची संमती जोडावी."

महोदया,

वरील विषयान्वये सविनय सादर करतो की,

१. मी १ जुलैपासून आपल्या मिलमध्ये पूर्णवेळ कामावर आहे. त्याआधी सहा वर्षे मंडप-डेकोरेशनची कामे केली. तेव्हा सुटी मागावी लागत नसे, काम मागावे लागे. म्हणून रुजू होताना फॉर्मवर सुटीच्या वारापुढे मी "कोणताही चालेल" असे लिहिले. असे लिहिणारा विभागातील बत्तीस जणांत मी एकटाच निघालो आणि मला मंगळवार मिळाला.

२. पहाटेच्या बसची, आठ तास उभे राहण्याची सवय झाली. मंगळवारची होत नाही. विभागात गुरुवारपासूनच रविवारच्या गोष्टी सुरू होतात, कोणाकडे सावजी शिजणार, कोण फुटाळा तलावावर जाणार. मी नुसती मान हलवतो. माझ्या सुटीला पत्नी मेघा रामदासपेठेत चष्म्याच्या दुकानात कामावर, बहीण नूपुर कॉलेजात, बाबा झोपलेले. मागच्या मंगळवारी मी घरातले पंखे दोनदा पुसले.

३. आता सबळ कारण. आमच्याकडे दर रविवारी कॅरम होतो. बाबा व नूपुर एका बाजूला, मेघा व मी दुसऱ्या. जुलैपासून माझ्या जागेवर समोरच्या घरातले श्री. धर्मेंद्र बसतात. ते आपल्याच मिलमध्ये, माझ्याच मशीनशेजारी आहेत आणि त्यांना रविवार आहे. सोमवारी ते मला सांगतात, "वहिनीनं काल राणी काय घेतली गा." माझ्या बायकोने राणी घेतल्याचे मला मशीनवर कळते. मला जळफळाट होतो, हे लपवत नाही. बाबांना दर तासाला फोन करून खबर द्यायला सांगितले, तर त्यांनी फोनच बंद ठेवला.

४. दि. ९ नोव्हेंबर, रविवारी मी पोटदुखीचे कारण देऊन घरी राहिलो. ते खोटे होते, त्याबद्दल क्षमस्व. चौघे खेळत होते. मेघा म्हणाली, "बसा नं, पुढच्या डावात घेतो तुम्हाले." मी पलंगावर बसून पाहत राहिलो. त्या दिवशी कोणी हसले नाही. डाव अर्ध्यात मोडला आणि जो तो उठून गेला. ते मी नसतानाच हसतात, एवढे मला समजले.

५. संमतीसाठी परवा, सोमवारी, मी श्री. धर्मेंद्र यांच्याकडे गेलो. भांडायची पूर्ण तयारी होती. ते म्हणाले, "एवढंच नं? आधी काहून नाही सांगितलं गा," आणि उभ्या उभ्या सही केली. घरी येऊन कागद दाखवला तर मेघा म्हणाली, "किती मोठ्या मनाचा माणूस आहे नं. तुमच्यानं झालं असतं काय?" झाले नसते. तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही.

तरी विनंती की, मला रविवार कार्यालयाच्या आदेशाने द्यावा. आदेशात श्री. धर्मेंद्र यांचे नाव, त्यांची संमती किंवा मोठे मन यांचा उल्लेख नसावा. सोबतचे पत्र वाचून मला परत करावे. त्यांच्या सहीशिवाय रविवार मिळणे शक्यच नसेल, तर माझा मंगळवार माझ्याकडेच राहू द्यावा.

आपला नम्र, पण या एका बाबतीत अडून बसलेला,
(सही)
प्रेमानंद मनोहरराव मेश्राम
स्पिनिंग विभाग

सोबत : श्री. धर्मेंद्र यांचे संमतिपत्र (फाईलला लावू नये).