नळीचा मुलामा

७ जून

तीर्थरूप बाबांस,
चिमणीचा सा. न. वि. वि.

पोचले, खोली मिळाली, जेवणाची सोय झाली, तेव्हा आईला म्हणावं आता निवांत झोप. खोली विमानतळाच्या कुंपणाला लागून आहे. खिडकीतून धावपट्टी दिसते आणि तिच्या पलीकडे दलदल. सगळ्या भानगडीचं मूळ ती दलदलच. तिथले पक्षी उठून धावपट्टीवर येतात, एखादा विमानाच्या इंजिनात शिरला तर अनर्थ व्हायचा, म्हणून त्यांना हुसकायला आमचं पथक. चिमणी म्हणवणाऱ्या मुलीनं पाखरं उडवायची नोकरी धरली, हे सांगून तुम्ही दुकानात किती जणांना हसवलंत ते मला कळलंय.

काम मला आवडलं. गाडीतून फिरायचं, थवा दिसला की हवेत आवाजाचं काडतूस उडवायचं. प्रत्येकाला एक दुनळी बंदूक नेमून दिली आहे आणि तिची निगा ज्याची त्यानं राखायची. सहा महिने उमेदवारी. मग आमच्या पथकप्रमुख बाई अहवाल लिहितील आणि मी पक्की होणार की घरी येणार ते ठरेल. मला इथंच राहायचंय, बाबा. शाळेतल्या कारकुनीत नुसत्या जांभया दिल्या, इथं अजून एक आलेली नाही.

एक अडचण आहे. माझ्या बंदुकीच्या नळ्यांना आतून क्रोमचा मुलामा आहे, आणि कितीही पुसल्या तरी आत करड्या रेघा राहतात. बाई म्हणाल्या, आता राहू दे, घासू नकोस, मी सगळ्यांना एकदम दाखवते. पण बंदुका दुरुस्त करणाऱ्याच्या मुलीनं रेघांची नळी मिरवावी हे मला काही पचत नाही. काय करू ते कळवा.

लोभ आहेच, तो ओरडण्यापेक्षा थोडा जास्त असू द्या.

तुमची
चिमणी

१४ जून

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. आई काही निवांत झोपलेली नाही, आता तिला दलदलीतल्या डासांची काळजी लागली आहे.

माझ्या दुकानात वाढलीस आणि रेघांना घाबरतेस? नीट वाच. आधी बंदूक उघडून रिकामी आहे ना ते बघ. बघितलंस की पुन्हा बघ. सळई नेहमी काडतूस भरतो त्या बाजूनं घालायची. तोंडाकडून घातलीस तर सगळी घाण मागं घोड्याच्या कळीत जाऊन बसते. तेलाची चिंधी, मग ब्रश, मग कोरड्या चिंध्या, शेवटची पांढरीच्या पांढरी बाहेर येईपर्यंत. एवढ्यानं रेघ गेली नाही तर गंज धरतोय असं समज आणि दयामाया दाखवू नकोस. पार्सलमध्ये माझा पोलादी तारेचा ब्रश आणि घासायच्या पेस्टचा डबा ठेवला आहे. ब्रशनं खरवड. मग पेस्ट चिंधीला लाव, चिंधी सळईला गुंडाळ, सळई हातड्रिलला जोड आणि नळी लखलखेपर्यंत फिरवत राहा. मी आयुष्यभर हेच केलं. क्रोम असो नाहीतर आणखी काही, नळी ती नळी.

बाई दाखवतील तेव्हा दाखवतील. त्याआधी तुझी नळी बघून त्यांनीच तुला विचारायला हवं, कशी केलीस म्हणून.

स्वेटर आईनं विणलाय. त्याला तेलाचे हात पुसलेस तर याद राख, असा तिचा निरोप आहे.

जिवाला जप, पत्र टाकत जा. आशीर्वाद मागावे लागत नाहीत.

तुझे
बाबा

५ जुलै

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. स्वेटर अंगात आहे आणि अजून तरी स्वच्छ आहे. तुम्ही सांगितलंत तसंच केलं, आठवडाभर रोज काम संपल्यावर. रेघा गेल्या. नळी अशी उजळली की शेजारचे ड्रायव्हरकाका मुद्दाम बघायला आले आणि म्हणाले, यात बघून दाढी करावी.

बाईंनी सगळ्यांना साफसफाई दाखवली त्या दिवशी माझी पाळी धावपट्टीवर होती. माझं शिकायचं राहिलं, पण मला त्याचं काय! ज्यांच्या घरी दुकान नाही त्यांनी शिकावं.

आईला नमस्कार. तुम्हाला वेगळा नको, तुम्ही या पत्रानं आधीच फुगला असाल.

तुमची
चिमणी

२५ ऑगस्ट

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

इथं हवा फार दमट आहे. टांगलेला टॉवेल वाळता वाळत नाही. बाकी ठीक.

एक विचारायचं होतं, माझ्यासाठी नाही. पथकातल्या एकाच्या नळीत, काडतूस बसतं त्याच्या थोडं पुढं, तपकिरी ठिपके आलेत. पुसले तर जातात आणि दोन दिवसांत परत येतात. क्रोम निघू शकतं का हो? त्यानंही नळी बरीच घासली होती म्हणे. तुम्ही काय म्हणता ते त्याला सांगीन. जरा लवकर कळवा, तो काळजीत आहे.

आईला सांगा मी जेवते.

तुमची
चिमणी

१ सप्टेंबर

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

त्या गृहस्थाला सांग की क्रोम निघत नसतं. कानस लावली तरी दाद देत नाही ते. ठिपके म्हणजे शुद्ध आळस. तोंडदेखली पुसत असणार आणि बिल क्रोमच्या नावावर फाडत असणार. पेस्ट शिल्लक असेल तर त्याला थोडी दे आणि म्हणावं हात चालव.

हे लिहिताना तुझ्या आईनं मधेच विचारलं, तुम्ही क्रोमची नळी कधी उघडून पाहिली होती? मी म्हटलं, जेवायला वाढ.

तू त्याच्या नादाला लागू नकोस. आपलं काम बघ, सुखी राहा.

तुझे
बाबा

३० सप्टेंबर

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नाही. आई दाराशी जाऊन पोस्टमनची वाट बघते आणि मी बघत नसल्यासारखं करतो.

तिचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. खरं सांगायचं तर आपल्याकडे आल्या त्या सगळ्या जुन्या, साध्या पोलादाच्या नळ्या. क्रोमची एकही नाही. म्हणून बस धरून माझ्या जुन्या मित्राकडे गेलो, तो बंदुकीच्या कारखान्यात होता. त्यानं कापलेल्या नळीचा तुकडा हातात दिला. मुलामा कागदाहून पातळ. कठीण असतो, पण पेस्ट लावून ड्रिल फिरवत राहिलं की एखाद्या जागी झिजतो, मग तिथून ओल शिरते आणि खालचं पोलाद गंजतं. आणि तुझ्या त्या करड्या रेघा म्हणजे गंज नव्हताच. काडतुसातल्या प्लास्टिकचा लेप तो. नळी धुवायचं औषध लावून नुसतं थांबलं असतं तर मऊ पडला असता.

पथकातला तो काळजीतला माणूस कोण, हे मला परतीच्या बसमध्ये कळलं. फार वाईट वाटलं, चिमणे. त्याला मी आळशी म्हटलं तेही आठवलं.

तुमच्या बाईंना मी पत्र लिहिलं आहे की चूक माझी, पोरीची नाही. पाकिटावर त्यांचं पद काय घालायचं तेवढं कळव, लगेच टाकतो.

तुझे
बाबा

८ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र टाकू नका.

बाईंनी नळी तपासणीत पाहिली. आत उजेड धरला, बराच वेळ बघितलं आणि हे कुणी शिकवलं असं विचारलं. तुमचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, मीच केलं. तुम्हाला पाठीशी घालायचं म्हणून नव्हे. बाईंनी घासू नकोस म्हटलं होतं आणि मला बढाई मारायची होती. तुम्हाला तर मी तेवढं सांगितलंही होतं, पण तुम्हीही माझेच बाबा. तुम्ही तिकडे होतात, ड्रिल माझ्या हातात होतं.

बाई ओरडल्या नाहीत, त्यामुळेच जास्त रडू आलं. त्या म्हणाल्या, नळी कारखान्यात जाऊन नवी होईल, पण थांब म्हटल्यावर जो थांबत नाही त्याला धावपट्टीवर बंदूक देऊन कसं चालेल? आता मला धावपट्टी बंद. मी बंदुकांच्या खोलीत बसून सगळ्यांच्या नळ्या साफ करते, बाईंच्या समोर, बाईंच्या पद्धतीनं. अहवाल डिसेंबरात. परत यावं लागेलसं वाटतं. आईला हळूहळू कानावर घाला.

तुमच्यावर राग नाही. होता थोडा, बसमधून गेलात हे वाचल्यावर गेला. तुम्हाला बस लागते हे मला माहीत आहे.

तुमची
चिमणी

४ डिसेंबर

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

अहवाल आला. पक्की केलेली नाही, काढलेलीही नाही. उमेदवारी आणखी सहा महिने वाढवली आहे. बाईंनी बोलावून सांगितलं की त्यांना मला घालवायचंच होतं, पण गेल्या दोन महिन्यांत मी एकदाही न विचारता काही केलं नाही, म्हणून आणखी बघणार आहेत. सोमवारपासून पुन्हा धावपट्टी.

तुम्हाला हे कमी वाटेल. मला पुष्कळ वाटतं. खोलीवर येऊन आधी रडले आणि मग दोनदा जेवले.

आईला नमस्कार, तुम्हालाही. या वेळी वेगळा.

तुमची
चिमणी

१५ डिसेंबर

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

कमी कशाला वाटेल? आईनं तुझं पत्र शेजारी वाचून दाखवलं, रडल्याचं वाक्य गाळून.

परवा एक गिऱ्हाईक नवी कोरी दुनळी घेऊन आलं. उघडून पाहिली तर आतून क्रोम, आणि तशाच करड्या रेघा. मित्रानं सगळं सांगितलं होतं, पण ते ऐकलेलं, केलेलं नाही. सवयीनं हात पेस्टच्या कपाटाकडे गेला होता, तो मागं घेतला. गिऱ्हाइकाला म्हटलं, ठेवून जा, क्रोमचं काम आमच्याकडे मुलगी बघते. ती परगावी असते, तिला विचारल्याशिवाय आम्ही हात लावत नाही. त्यानं विचारलं, किती दिवस लागतील? मी म्हटलं, तिचं पत्र येईल तेव्हा. आई आतून ऐकत होती. न मागता चहा आला.

तर सविस्तर लिही. औषध कोणतं, किती वेळ थांबायचं, ब्रश कसल्या तारेचा, शेवटी तेल किती ठेवायचं. मला काही येत नाही असं धरून लिही. घाई करू नकोस, तुझी कामं आधी उरक.

बंदूक मी कपड्यात गुंडाळून कुलपात ठेवली आहे. तू सांगेपर्यंत थांबतो.

तुझे
बाबा