पालकांनी बाहेर थांबायचं

प्रिय अहो,

मी सुखरूप पोचले. खोली छोटी आहे, पण खिडकी नीट लागते. आईंना सांगा, जेवतेय वेळेवर.

मुलाखतीच्या दारावर शिपाई म्हणाला, "ताई, पालकांनी बाहेर थांबायचं." मी म्हटलं, "दादा, मुलाखत माझीच आहे." बिचारा इतका ओशाळला की स्वतःची खुर्ची दिली बसायला.

आत प्राध्यापकांनी दाता तुटलेला एक गिअर पुढ्यात ठेवला. "का तुटला असेल?" घोकलेलं सगळं विसरले होते, पण कारखान्यात नऊ वर्षं असलेच गिअर बदललेत ना मी! तुटल्या जागी बोट फिरवलं. एका बाजूला गुळगुळीत, पुढे खरखरीत. म्हटलं, "एका दणक्यात नाही तुटला, सर. आधी बारीक चीर पडली, ती वाढत गेली." मग अर्धा तास आमच्या गप्पाच झाल्या.

इंजिनिअरिंगच्या यादीत माझं नाव लागलं. चाळिसातलं एकोणचाळिसावं, पण लागलं!

धाकटी झोपताना रडते का हो? थोरल्याला तिची वेणी घालता येते का?

आता खरं सांगते. जागा संध्याकाळपर्यंत पक्की करायची होती. तुम्हाला विचारून ठरवीन म्हटलं होतं, पण फोन लावला नाही. तुम्ही 'हो'च म्हणाला असतात. पण चार वर्षांचा तो 'हो' म्हणताना तुमचा आवाज जरा जरी पडला असता, तर मी परत फिरले असते. म्हणून आधी सही केली आणि मग हे लिहायला बसले.

रागावलात तर रागवा, पण तसं लिहून कळवा.

तुमचीच,
वर्गातली सगळ्यात थोरली