कपाशी फुलली होती तेव्हा

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही, म्हणून लिहिते आहे. मी जळगावला डी.एड.च्या वसतिगृहात होते तेव्हा सावद्याच्या मैत्रिणीने एक भेटकार्ड आणलं होतं. त्यावर इंग्रजी महिन्यांची फुलं आणि खाली त्यांचे अर्थ. ऑगस्टचं ग्लॅडिओलस म्हणजे मनाची ताकद, सप्टेंबरचा ॲस्टर म्हणजे धीर, ऑक्टोबरचा झेंडू म्हणजे दुःख. ती एकेकीला महिना विचारत होती. खोलीतल्या आठजणींपैकी सहाजणी जूनच्या निघाल्या. जूनचा गुलाब, म्हणजे प्रेम. "अगं, ही खोली आहे का गुलाबाचा मळा?" ती म्हणाली. सगळ्या हसलो. जन्मतारीख माहीत नसली की शाळेत गुरुजी एक जून टाकायचे. आम्ही सहाहीजणी तशाच.

दिवाळीच्या सुट्टीत गावी आले आणि भाकरी थापता थापता तुम्हाला कार्डाची गोष्ट हौसेने सांगून माझा खरा महिना विचारला. आई मी तीन वर्षांची असताना गेली. विचारायला तुम्हीच होतात. तुम्ही ताटावरून मानही वर केली नाही. "कपाशी फुलेल व्हती तवय. इतलं याद शे." कपाशी ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत दोन-अडीच महिने फुलते, नाना. मी म्हटलं, दादाचं तर वहीत लिहिलंय, तिथी, वार, वेळ, सगळं. तुम्ही पाणी पिता आहात, सावकाश. मग म्हणता, "पोरनं काय लिखानं? गुलाब भेटना ना, मंग?" पोरीचं कसलं लिहायचं, गुलाब मिळाला तेवढं पुरे, असं तुमचं म्हणणं. तव्यावरची भाकरी करपली, तर त्यावरूनही बोललात.

मला फुलाचा सोस नव्हता. झेंडू निघाला असता, दुःख तर दुःख, पण माझं असतं. मी कोणत्या दिवशी आले हे घरात एका माणसाला ठाऊक असावं, एवढंच हवं होतं. पोरीला शिकवलं, नोकरीला लावलं म्हणून लोक अजून तुमचं कौतुक करतात. मी मान डोलावते आणि दात आवळते.

तुमच्या दहाव्याला साक्रीची मावशी आली होती. माझ्या जन्माच्या वेळी ती आईजवळ होती, हे मला त्या दिवशी कळलं. बाजूला घेऊन म्हणाली, "तुना दिन माले पक्का याद शे, बाई. सांगू का?" मी नको म्हटलं. आता मावशीही नाही. रागाने नको म्हटलं, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. खरं तर तुम्ही कधीतरी सांगाल, याची वाट पाहायची मला सवय झाली होती. आणि तुम्ही गेलात हे त्या दिवशी माझ्या नीटसं ध्यानातच आलं नव्हतं.