शनिवारच्या मॅचनंतर शुद्धीवर येऊन केलेली निरवानिरव

मी, पुरुषोत्तम वामन खानझोडे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पाटबंधारे खात्यातील निवृत्त उपअभियंता, मूळ राहणार धरमपेठ, नागपूर, हल्ली मुक्काम मुलाच्या घरी, मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलिना, हे मृत्युपत्र स्वहस्ते आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. अशा कागदात शुद्धीचा उल्लेख रीत म्हणून करतात. मी तो मुद्दाम करीत आहे, कारण गेल्या शनिवारी दुपारी काही काळ मी शुद्धीत नव्हतो आणि ते पाहणारे लोक पुष्कळ होते. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. पत्नी सौ. सुलभा दाराशी उभी राहून "आत्ता कशाला हे अभद्र लिहून राहिले तुम्ही?" असे म्हणाली, ते दडपण धरू नये.

१. धरमपेठेतील घर सुलभाला व तिच्यानंतर मुलगा चि. निमिष यास मिळावे. विकायचे झाल्यास खुशाल विकावे, मात्र गच्चीवरचा कूलर घरासोबतच द्यावा. तो मी स्वतः बांधलेला आहे आणि जागेवरून हलवल्यास पुन्हा चालणार नाही.

२. बँकेतील ठेवी संपूर्णपणे सुलभाच्या. तिने त्या कोणाच्याही सल्ल्याने गुंतवू नयेत. कोणाच्याही म्हणजे निमिषच्याही.

३. माझी जर्मन बनावटीची कंपासपेटी, टी-स्क्वेअर व फूटपट्ट्या सूनबाई सौ. राधिका हिला द्याव्यात. तिला ड्रॉइंग येत नाही. पण या घरात घेतलेली वस्तू जागेवर ठेवणारी ती एकटीच आहे.

४. निळा लोकरी सूट. यातील पॅन्ट चांगल्या स्थितीत असून ती निमिषने वापरावी. कोटाची डावी बाही खांद्यापर्यंत कापलेली आहे. ती का कापली याबद्दल नातेवाइकांत दोन-तीन हकिकती फिरत आहेत, म्हणून खरी येथे नोंदवतो.

माझी नात कु. आन्या येथील विद्यापीठात पहिल्या वर्षाला असून तेथील बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवते. फुटबॉलच्या मॅचमध्ये मध्यंतर झाले की हा बँड मैदानावर कवायत करत वाजवतो. तिची ही पहिलीच मॅच होती आणि मी येतो असे तिला कबूल केले होते. खेळ दुपारी बाराचा. ऊन कडक होते. आन्या फोनवर म्हणाली, "आजोबा, यू डोन्ट हॅव टू कम. इट्स गोइंग टू बी सो हॉट." मी तिला सांगितले की ज्याने नागपूरचे मे महिने कालव्याच्या भरावावर उभे राहून काढले, त्याला सप्टेंबरचे ऊन सांगू नये. कॉलेजचा समारंभ म्हणून मी सूट घातला, टाय बांधला आणि ऊन बाधू नये म्हणून आमच्याकडच्या पद्धतीने खिशात एक कांदा ठेवला.

फाटकावरच्या रखवालदाराने तो बाहेर काढला.

"सर, व्हॉट इज धिस?"

"ओनियन."

"व्हाय?"

"फॉर द सन."

त्याने माझ्याकडे, मग कांद्याकडे पाहिले आणि बाहेरचे खाद्यपदार्थ आत चालत नाहीत असे सांगून कांदा पिंपात टाकला. निमिष दुसरीकडे पाहत होता.

आमच्यासोबत व्याही श्री. शशिकांत केशव आगाशे होते. हे राधिकाचे वडील, मूळ पुण्याचे, हल्ली थोरल्या मुलाकडे एडिसनला असतात. नातीच्या पहिल्या मॅचसाठी तेही आले होते. त्यांचे-माझे बोलणे बेताचे असे. निमिषच्या लग्नानंतर आम्ही नागपूरला स्वागतसमारंभ ठेवला, तेव्हा भर मांडवात आमच्या सगळ्या गोतावळ्यासमोर ते म्हणाले होते, "पुरुषोत्तमराव, इथे माणसं राहतात की पापड वाळवतात?" त्यानंतर त्यांनी डोक्यावर ओला पंचा घेतला आणि समारंभ संपेपर्यंत काढला नाही. आमच्या अल्बममध्ये व्याही कोठे आहेत असे कोणी विचारले की पंचा दाखवावा लागतो. पुणेकर उन्हाला किती कच्चे, याचे हे उदाहरण मी त्यानंतर प्रत्येक मंगलकार्यात सांगत आलो.

शनिवारीही ते डोक्यावर ओला पंचा घेऊन बसले. बाक पत्र्याचे, तापलेले. शशिकांतराव दर पाच मिनिटांनी पाणी पीत होते. मला म्हणाले, "घ्या घोटभर."

मी म्हणालो, "सवय आहे आम्हाला."

"निदान कोट तरी काढा."

मी टाय जरा वर सरकवला. बाटलीतल्या पाण्याला तेथे सिनेमाच्या तिकिटाएवढे पैसे पडत होते, आणि आयुष्यभर लोकांच्या शेतात पाणी पोचवलेल्या माणसाने ते विकत घ्यावे, हे मला पटेना. खेळात पायाचा संबंध फारसा येत नव्हता, सगळे हातानेच चालले होते. निमिष नियम समजावत होता. त्याचे तोंड हलताना दिसत होते, पण आवाज येईना. मला वाटले, तो हळू बोलतो आहे.

पुढचे मला सांगण्यात आले ते असे. मी समोरच्या रांगेतल्या बाईंच्या अंगावर कोसळलो. मागे एक धिप्पाड गृहस्थ उघड्या छातीला लाल रंग फासून बसले होते, त्यांनी मला लहान मुलासारखे उचलले. शशिकांतरावांनी त्या गृहस्थांच्याच पेल्यातला बर्फ माझ्या शर्टात ओतला आणि डोक्यावरचा पंचा काढून माझ्या डोक्याला गुंडाळला. खालच्या बाजूला प्रथमोपचाराचा तंबू होता, तेथे सलाईन लावण्यासाठी बाही कापली गेली. शर्टावरचा लाल रंग त्या गृहस्थांचा आहे. रक्त नव्हे. नागपूरला तसे कळवावे.

मी डोळे उघडले तेव्हा बाहेर बँड सुरू झाला होता. ज्यासाठी आलो ते तंबूच्या कापडापलीकडे चालले होते. मी उठू लागलो, तर नर्सने खांदा धरून पुन्हा निजवले. मला रडू आले. या वयात आणि परक्या बाईसमोर आले.

शशिकांतरावांनी निमिषला जागेवर पाठवले. "जा, तू बघ. पोरीला आपलं कोणीतरी दिसायला हवं." स्वतः मात्र ते तंबूच्या दारातल्या बर्फाच्या पेटीवर चढून उभे राहिले आणि मैदानाकडे बघत मला सांगू लागले.

"आली हो आन्या. दुसऱ्या रांगेत आहे. आता वळली. टोपीवरचा तुरा कलंडलाय, पण पोरगी चुकत नाही. शेजारच्याचं पाऊल चुकलं, आपलीचं नाही. ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"आता ट्रॉम्बोन वर केला. सगळ्यांत उंच हिचाच."

शेवटची टाळी पडेपर्यंत ते असे सांगत होते. मी मध्यंतर पाहिले ते असे, आणि चांगले पाहिले.

रविवारी आन्या घरी आली. मी तिचे वळणे, तुरा, शेजाऱ्याचे पाऊल, सगळे कौतुकाने सांगितले. ती हसायला लागली. "आजोबा, वी वर ऑन द अदर साइड द होल टाइम. त्या तंबूतून मी दिसणारच नाही." मी तिला हे कोणाला न सांगण्याविषयी बजावले आहे.

५. शशिकांतरावांवरचा राग ही माझी स्वकष्टार्जित मिळकत होती आणि तिची मी चांगली निगा राखली होती. ती वारसांपैकी कोणीही मागू नये. ती आता शिल्लक नाही.

६. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असे कळते. म्हणून मी शशिकांतरावांना विचारले, "काही वस्तू हवी, की सही करता?" ते म्हणाले, "सही करतो. तुमच्या वस्तू ठेवायला एडिसनला जागा नाही."

७. आन्याला माझे मनगटी घड्याळ द्यावे. ती जेथे वाजवत असेल तेथे घरातले एक माणूस तरी हजर असावे. त्याने सुती कपडे घालावेत आणि पाणी, कितीही महाग असले तरी, विकत घेऊन प्यावे.

येणेप्रमाणे माझी इच्छा असून ती समजून-उमजून लिहिली आहे.

मॉरिसव्हिल, दिनांक ८ सप्टेंबर २००७
(सही) पु. वा. खानझोडे

साक्षीदार पहिला: (सही) विनीता श्रीराम देवस्थळी, शेजारी. काकांनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरा: (सही) शशिकांत केशव आगाशे. साक्षीदाराने मजकूर वाचण्याची गरज नसते असे मला सांगण्यात आले. मी न वाचता कशावरही सही करत नाही, म्हणून वाचला. आन्या दिसत नव्हती हे बरोबर आहे. याला झोपू देऊ नका असे नर्सने बजावले होते, आणि मी गप्प झालो की तुमचे डोळे मिटत होते.